सोन्याची पेटी, सैतानाचा अंगठा आणि नाचत निघालेलं गाव

जर्मनीतली चर्चेस बघायची म्हटलं की लोक टॉवर चढतात, फोटो काढतात आणि पुढच्या गावाला निघतात. आम्ही यावेळी ठरवलं की ही चर्चेस ज्यांच्यासाठी एवढी मोठी बांधली गेली तेच बघायचं, म्हणजे रेलिक्स. संतांची हाडं, कपडे, त्यांचा स्पर्श झालेल्या वस्तू, आणि त्यांच्याभोवती लोकांनी शेकडो वर्षांत काय काय जमवलंय ते. आई जूनमध्ये माझ्याकडे बॉनला आली होती, पेंटेकॉस्टची (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण) जोडून सुट्टी होती, आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी लक्झेंबर्गमधल्या एख्टरनाख गावात नाचत जाणारी मिरवणूक असते. शेवट तिथे करायचा असं धरून उलटं मागे मागे प्लॅन लावत गेले: कलोन, आखेन, ट्रिअर, एख्टरनाख. आईचं माहेर लोणंद, माऊलींची पालखी दरवर्षी दारात, त्यामुळे यात्रा म्हणजे काय हे तिला सांगायची गरज नव्हती.

शनिवार, कलोन

स्टेशनातून बाहेर पाऊल टाकलं की कथीड्रल समोरच उभं, १५७ मीटर. सकाळपासून भुरभुर पाऊस होता, दगड ओले होऊन अगदी काळेभोर दिसत होते. आईने वर बघत पहिला प्रश्न विचारला, "अगं, एवढं कुणासाठी बांधलं?" तर त्याचं उत्तर आत मुख्य वेदीच्या मागे काचेत ठेवलंय. येशूच्या जन्मानंतर ताऱ्याच्या मागे चालत आलेले ते तीन राजे, त्यांची हाडं या पेटीत आहेत अशी श्रद्धा. बार्बारोसा बादशहाने मिलान जिंकलं, तिथून आर्चबिशप राइनाल्ड फोन डासेल ही हाडं घेऊन ११६४ साली कलोनला आला, आणि मग युरोपभरातून यात्रेकरूंची एवढी रीघ लागली की जुनं चर्च पुरेना. १२४८ साली नव्याचा पाया घातला, ते पुरं झालं १८८० ला!

पेटी बघितल्यावर मी बराच वेळ काही बोललेच नाही. सव्वादोन मीटरच्या आसपास लांब, दीड मीटर उंच, आतून लाकूड आणि बाहेरून सोनं, सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, मीनाकाम, रत्नं. आकार चर्चचाच, एकावर एक रचलेली. निकोलस ऑफ व्हर्दूं नावाच्या सोनाराने ११९० च्या सुमारास सुरू केली आणि त्याच्यानंतर १२२५ पर्यंत काम चालू होतं. बाजूने बसलेले प्रेषित आणि संदेष्टे नीट बघा, प्रत्येकाचा चेहरा वेगळा, कपड्यांच्या चुण्या खऱ्या कापडाच्या वाटतात. रत्नांमध्ये जुन्या रोमन काळातले कोरीव खडेसुद्धा बसवलेत, त्यावर चक्क रोमन देवदेवता आहेत आणि त्याचं त्या काळच्या पाद्र्यांना काहीही वाटलं नाही.

तिथे लाल झगा घातलेले सेवेकरी असतात. त्यातल्या एका काकांना आईने हातानेच विचारलं की आत काय, उघडतात का. काकांनी निवांत सांगितलं, मी भाषांतर करत होते. ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, पेटीच्या दर्शनी बाजूची एक पट्टी काढतात, मग आत जाळीमागे मुकुट घातलेल्या तीन कवट्या दिसतात. आणि सप्टेंबरच्या शेवटी कथीड्रलची यात्रा असते तेव्हा लोकांना पेटीच्या खालून जाऊ देतात, मध्ययुगात जात तसं. आई म्हणाली, "मग जानेवारीतच बोलवायचं होतंस की."

मला सगळ्यात जास्त आवडते ती या राजांभोवतीची लोकपरंपरा. एवढ्या लांबून प्रवास करून आले म्हणून ते प्रवाशांचे राखणदार झाले, जुन्या सरायांना, खानावळींना तारा, मुकुट, तीन राजे अशी नावं पडली ती त्यातूनच. पूर्वी इथे छापील चिठ्ठ्या मिळायच्या, कवट्यांना लावून आणलेल्या, त्या लोक खिशात बाळगायचे, प्रवासातली संकटं, ताप, फेफरं, करणी सगळ्यावर उपाय म्हणून. आणि आजही जानेवारीत मुलं राजांचे कपडे घालून घरोघर गात जातात, गरीब मुलांसाठी पैसे जमवतात आणि दाराच्या चौकटीवर खडूने लिहून जातात. आमच्या हॉटेलच्या गल्लीत एका जुन्या दारावर अजून होतं, पावसाने थोडं पुसट झालेलं, २०*सी+एम+बी*२५. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ "ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो", पण कुणालाही विचारा, ते कास्पर, मेल्किओर, बाल्टाझार अशी राजांची नावंच सांगतील. ते पुसायचं नसतं, वर्षभर राहू देतात. गोव्यात पणजीच्या समोर मांडवीपलीकडे रेइश मागूश चर्च आहे ना, तेही याच तीन राजांचं, तिथेही ६ जानेवारीला तीन मुलगे राजे होतात.

दुपारी सेंट उर्सुला चर्च. कथीड्रलपासून चालत दहा-पंधरा मिनिटं, गर्दी अजिबात नाही, आणि माझ्या मते कलोनमध्ये हे चुकवणं म्हणजे अर्धं कलोन चुकवणं. उर्सुला ही राजकन्या, सोबतच्या कुमारिकांसह इथे हूणांच्या हातून मारली गेली अशी कथा. आधी त्या अकरा होत्या, सांगता सांगता अकरा हजार झाल्या. ११०६ साली शहराची तटबंदी वाढवताना इथली जुनी रोमन दफनभूमी लागली, ढिगाने हाडं निघाली, आणि लोकांनी ती त्या कुमारिकांचीच मानली. १६४३ साली बांधलेल्या सोनेरी खोलीत ती ठेवली आहेत. खाली शंभराहून जास्त अर्धपुतळे, बरेचसे मंद हसणाऱ्या बायकांचे, आत कवट्या. आणि वर छतापर्यंत भिंती भरून हाडं, नुसती रचलेली नाहीत, नक्ष्या केल्यात, हाडांची अक्षरं करून लॅटिनमध्ये लिहिलंय की उर्सुला, आमच्यासाठी प्रार्थना कर.

मला वाटलं आई घाबरेल. ती भिंतीजवळ गेली, बघितलं, हात जोडले आणि म्हणाली, "कुणाची का असेनात, कुणीतरी नीट ठेवली." त्यात पुरुषांची आणि लहान मुलांची हाडंही सापडलेली आहेत, म्हणजे इतिहास काय म्हणतो ते स्पष्टच आहे, आणि ते माहीत असायलाच हवं. पण खरं-खोटं एवढंच विचारून परत फिरलं तर मागची आठ-नऊशे वर्षं लोक इथे येऊन काय करत होते हे हाती लागतच नाही. कलोनच्या शहरचिन्हात वर तीन मुकुट आहेत ते राजांचे आणि खाली अकरा ज्वाळांसारखे थेंब आहेत ते या मुलींचे. शहराने आपली ओळखच यांच्यावर बेतली.

टीप: सोनेरी खोलीच्या वेळा कमी आणि बदलत्या असतात, आधी चेक करून जा, तिकीट अगदी थोडं. शाकाहारी असाल तर बटाट्याचे राइबकूखन मिळतात, सोबत सफरचंदाचा गर, पण बहुतेक ठिकाणी त्यात अंडं असतं. आई अंडं खाते त्यामुळे आमचं भागलं.

रविवार, आखेन

पेंटेकॉस्टचा रविवार, त्यामुळे दुपारपर्यंत कथीड्रलमध्ये मिस्सा, पर्यटकांना नंतरच सोडतात. आम्ही तोवर दारातच रमलो, कारण आखेनची अर्धी गोष्ट दारातच आहे. शार्लमेन बादशहाच्या काळातले ब्राँझचे दरवाजे, बाराशे वर्षांपूर्वीचे. गोष्ट अशी की चर्च बांधताना पैसे संपले, सैतान म्हणाला मी देतो, पण आत जो पहिला जीव जाईल त्याचा आत्मा माझा. आखेनकरांनी कबूल केलं आणि चर्च झाल्यावर आत सोडला तो लांडगा! सैतानाने घाईघाईत लांडग्याचा आत्मा ओढून काढला, फसलो हे कळल्यावर दार इतक्या जोरात आपटलं की त्याचा अंगठा तुटून दारावरच्या सिंहाच्या तोंडात अडकला. दारावर सिंहाच्या तोंडाची कडी आहे, त्यात बोटं घालून चाचपलं की आत खरंच एक उंचवटा लागतो. आमच्यापुढे चार-पाच वर्षांची एक मुलगी बाबांच्या कडेवरून हात घालत होती, घाबरून काढत होती, परत घालत होती, मागे रांग लागली तरी कुणी घाई केली नाही. मीही हात घातला. गार, गुळगुळीत, असंख्य बोटांनी घासलेलं. आत शिरताना ब्राँझचा तो लांडगाही बसलेला आहे, खरं तर तो अस्वलासारखा दिसतो.

आत अष्टकोनी घुमट आणि पलीकडे काचेचा उंच भाग, तिथे दोन सोन्याच्या पेट्या. एकीत शार्लमेनची हाडं (१२१५ ची पेटी), दुसरी मरियेची, १२३९ साली पुरी झालेली. या दुसरीत आखेनची चार मोठी रेलिक्स आहेत आणि चारही कापडं: मरियेचा झगा, बाळ येशूची दुपटी, क्रूसावरच्या येशूचं कमरेचं वस्त्र आणि योहान बाप्तिस्ताचं शिर ज्यात गुंडाळलं ते कापड. १३४९ पासून दर सात वर्षांनी ती बाहेर काढून दाखवतात. एकदा दाखवून झालं की पेटीला कुलूप लावतात, कुलपात शिसं ओततात आणि किल्ली करवतीने कापतात, अर्धी चर्चकडे आणि अर्धी शहराकडे. पुढच्या वेळी कुलूप हातोडीने फोडूनच उघडायचं. म्हणजे कुणा एकाची मालकी नाही, चर्च आणि शहर दोघांनी मिळूनच उघडायचं, ही पद्धत मला फार भावली.

मध्ययुगात गर्दी इतकी व्हायची की कापडं टॉवरच्या गॅलरीतून वरूनच दाखवायचे. खाली हजारो माणसं, हात तर पोचणार नाही, मग लोक छोटे आरसे उंच धरायचे, रेलिकचं तेज आरशात पकडून घरी न्यायचं, तिथे राहिलेल्या आजाऱ्याला द्यायचं. आणि दर्शन होताच मातीची शिंगं फुंकायचे, सगळं मैदान घुमायचं. त्या आरशांना एवढी मागणी होती की छपाईवाला गुटेनबर्ग, छपाईत पडायच्या आधी, स्ट्रासबर्गमध्ये भागीदारीत यात्रेसाठी आरसे बनवायच्या धंद्यात होता. यात्रा १४३९ ची धरून माल करायला घेतला आणि प्लेगमुळे यात्रा एक वर्ष पुढे गेली, पैसे अडकले. इतिहास शिकताना हे कुणी सांगितलं नव्हतं.

आईला आरशाची गोष्ट फार आवडली. म्हणाली, "ज्याला येता येत नाही त्याच्यासाठी न्यायचं, हे बरोबर आहे." लोणंदला पालखीच्या वेळी आजी अंथरुणावर होती तेव्हा मामा पादुकांना लावलेला बुक्का घेऊन आला होता आणि आजीच्या कपाळाला लावला होता, ते तिने मला तिथे पहिल्यांदाच सांगितलं.

संध्याकाळी बेकरीत प्रिंटन घेतले, आखेनची मसाल्याची कडक बिस्किटं, बीटच्या साखरेच्या पाकातली. काउंटरवरच्या ताईंनी आईकडे बघून आपणहून मऊ प्रकार पुढे केला आणि वर आणखी दोन चवीला दिले.

टीप: शार्लमेनचं दगडी सिंहासन वरच्या मजल्यावर आहे, ते फक्त गाइडेड टूरमध्ये दिसतं. त्याच्या खालून पूर्वी यात्रेकरू वाकून जायचे. जवळचा खजिनासुद्धा सोडू नका, शार्लमेनच्या कवटीचा भाग असलेला अर्धपुतळा तिथे आहे. गंधकाच्या गरम पाण्याचं कारंजं जवळच आहे, वास उग्र येतो.

सोमवार, ट्रिअर

पेंटेकॉस्टचा सोमवारही सुट्टीच, दुकानं बंद, खाण्याचं आदल्या दिवशी घेऊन ठेवा. गाडीचा प्रवास लांबला पण कोब्लेन्झनंतर मोझेल नदीच्या कडेने द्राक्षमळे बघत गेलो, तक्रार नाही.

ट्रिअरला पोर्टा निग्रा नावाचा अवाढव्य रोमन दरवाजा आहे. बाकीचे दरवाजे लोकांनी दगडांसाठी पाडले, हाच का उरला? तर अकराव्या शतकात सिमेऑन नावाचा एक ग्रीक साधू यात स्वतःला कोंडून घेऊन राहिला, १०३५ साली वारला, त्याला संत मानलं आणि दरवाजाचंच चर्च केलं. संत आत असताना हात कोण लावणार! पुढे नेपोलियनने चर्चचा भाग काढायला लावला आणि रोमन दरवाजा परत मोकळा झाला.

कथीड्रलमध्ये येशूचा अंगरखा आहे, कॉन्स्टंटाइन बादशहाची आई हेलेना हिने आणला अशी आख्यायिका. ११९६ साली तो वेदीत बंद केला होता, १५१२ साली माक्सिमिलियान बादशहा आला आणि त्याने बघायचा आग्रह धरला म्हणून काढला, आणि तेव्हापासून लोकांना दाखवणं सुरू झालं. शेवटचा २०१२ ला, त्या पहिल्या दर्शनाला पाचशे वर्षं झाली म्हणून. एरवी तो दिसत नाही, त्याच्या चॅपेलपर्यंतच नजर जाते. बाहेर दारापाशी मात्र एक मोठा पडका ग्रॅनाइटचा खांब आहे आणि इथेही सैतान! त्याला सांगितलं की आम्ही मोठी खानावळ बांधतोय, तर त्याने आनंदाने खांब वाहून आणले, चर्च निघाल्यावर चिडून शेवटचा खांब फेकून दिला. ट्रिअरच्या पिढ्यानपिढ्या मुलांनी त्यावरून घसरगुंडी केली आहे, वरची बाजू तुळतुळीत झालीये. आम्ही बघत होतो तेव्हाही दोन मुलगे घसरत होते आणि त्यांची आजी पर्स धरून उभी होती.

शहराबाहेर सेंट मथिआसचं मठ-चर्च. आल्प्सच्या उत्तरेला प्रेषिताची म्हणून मानलेली ही एकच कबर, ११२७ साली सापडलेली. इथे ऱ्हाइनच्या बाजूच्या गावांतून मंडळं पायी येतात, कित्येक दिवस चालत. आम्हाला अशी एक तुकडी अंगणात भेटली, बूट काढून पाय गवतात सोडून बसलेली, साठीच्या पुढची मंडळी आणि दोन कॉलेजची पोरं. एक बाई सांगत होत्या की त्यांच्या घरात आजोबांपासून कुणी ना कुणी चालतच आलंय. आईने फोनवर वारीचे फोटो दाखवले, त्यांनी विचारलं किती किलोमीटर, किती माणसं. आईने लाखांचा आकडा सांगितल्यावर मी तो दोनदा भाषांतर करून सांगितला तेव्हा पटला. मग त्यांनी पायाच्या फोडांवर काय लावता ते विचारलं आणि पुढचा अर्धा तास त्यावरच गेला.

मंगळवार, एख्टरनाख

पहाटे उठून ट्रिअरहून बसने निघालो. झाउअर नदी ओलांडली की लक्झेंबर्ग, आणि लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून सार्वजनिक वाहतूक फुकट (रेल्वेचा फर्स्ट क्लास सोडून). हवा ढगाळ, गार, नाचणाऱ्यांसाठी उत्तम.

हे गाव विलीब्रॉर्डचं. सातव्या शतकात इंग्लंडहून, नॉर्थंब्रियातून आलेला मिशनरी, ६९८ साली इथे मठ काढला, ७३९ ला वारला आणि इथेच पुरला. त्याच्या कबरीला लोक नाचत जातात. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून लेखी उल्लेख सापडतात. फेफरं, अंगाला झटके येणं अशा आजारांपासून तो वाचवतो ही श्रद्धा. अठराव्या शतकात आर्चबिशपने नाच-गाण्यावर बंदी घातली, मग जोसेफ दुसरा बादशहाने १७८६ ला मिरवणूकच बंद केली, पण लोकांनी ती परत सुरू केली. १९४४ च्या डिसेंबरात लढाईत बॅसिलिका उद्ध्वस्त झाली, तीही परत बांधली. २०१० पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

साडेनऊला मठाच्या अंगणातून सुरुवात. आधी प्रार्थना म्हणत चालणारे आणि मग बँड. एकच चाल, पोल्कासारखी, साधी, अडीच-तीन तास तीच, सगळे बँड तीच वाजवतात, आणि मध्ये अंतर असल्यामुळे एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळत राहतो. पाच-पाचची रांग, पांढरे शर्ट, हातात हात नाही तर पांढऱ्या रुमालांची टोकं. डावीकडे तिरकी उडी, उजवीकडे तिरकी उडी, असं करत पुढे. पूर्वी तीन पावलं पुढे दोन मागे अशी पद्धत होती, ती आता नाही. शाळेची पोरं उंच उड्या मारत होती, म्हातारी माणसं जमिनीवरून पाय न उचलता नुसती डोलत होती, एका रांगेत पाद्री आणि अग्निशमन दलाचे जवान एकत्र होते. प्रूम भागातून जर्मनीतले यात्रेकरू चालत येतात, तेही नाचतात. कुणी हसत नाही, कुणी हातवारे करत नाही. घामाने शर्ट पाठीला चिकटलेले आणि चेहरे शांत. माझा घसा दाटून आला, का ते मला नीट सांगता येणार नाही.

शेवटी सगळे बॅसिलिकेत शिरतात, नाचतच जिना उतरून तळघरात, संगमरवरी कबरीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने बाहेर. त्या कमी उंचीच्या दगडी छताखाली बँडचा आवाज छातीत वाजतो.

गावात सांगतात ती उंच फाइट नावाच्या माणसाची गोष्ट ऐकाच. हा फिडल वाजवणारा बायकोला घेऊन पवित्र भूमीच्या यात्रेला गेला, एकटाच परतला. नातेवाइकांनी, त्याची जमीन आधीच वाटून घेतली होती, त्याच्यावर खुनाचा आळ घेतला. फाशीच्या वेळी शेवटची इच्छा म्हणून फिडल मागितलं, वाजवायला लागला तसे सगळे नाचायला लागले, जल्लादसुद्धा, आणि तो वाजवत वाजवत निघून गेला. मागचे थांबेनातच, शेवटी विलीब्रॉर्डने येऊन सोडवलं.

मिरवणूक संपल्यावर अंगणात ग्रॉम्परेकिशेल्शरच्या, म्हणजे कांदा-पार्सली घातलेल्या बटाट्याच्या तळलेल्या वड्यांच्या गाडीवर उभे होतो. शेजारी एक आजी रुमाल घडी करत होत्या, सत्तरी नक्की ओलांडलेल्या. आईने त्यांना खुणेने पावलं विचारली. आजींनी रुमाल परत उलगडला, एक टोक आईच्या हातात दिलं, आणि दोघी डावीकडे, उजवीकडे. आईने चारच पावलांत पकडलं, मग म्हणाली, "आता माझी बघा," आणि तिने पाऊली दाखवली, टाळ नसल्यामुळे तोंडाने ठेका धरून. आजींना दुसरी उडी जमेना, गुडघा दुखतो म्हणाल्या, आईने पण आपला गुडघा दाखवला. तोपर्यंत भोवती आठ-दहा माणसं जमली होती, त्यातल्या ट्रॉम्बोनवाल्या मुलाने आईच्या ठेक्यावर दोन सूर फुंकले.

जायचं असेल तर: मिरवणूक दरवर्षी पेंटेकॉस्टनंतरच्या मंगळवारी, २०२६ मध्ये ती तारीख २६ मे आहे. साडेआठपर्यंत पोचा, बाजारचौकात जागा चांगली मिळते, पण तळघराचा आवाज ऐकायचा असेल तर बॅसिलिकेजवळ थांबा. गावात हॉटेल्स लवकर भरतात, ट्रिअरला राहून येणं सोपं. आखेनची कापडं बघायची असतील तर २०२३ ला दाखवून झाली (२०२१ ची कोविडमुळे पुढे गेली होती), आता २०२८. आईने ते साल घरी कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय आणि सोबत कुणाकुणाला आणायचं त्यांची नावंही.